१९३० ची फोर्ड मॉडेल ए, हॉट रॉड (जुनी गाडी बदलून वेगवान) करतोय : पुढचा अ‍ॅक्सल आय-बीम घेऊ की ट्यूब?

नोव्हाय_गॅरेज

नमस्कार मंडळी. मी मिशिगनला नोव्हायमध्ये राहतो, मूळचा कोल्हापूरचा. दोन वर्षांपूर्वी १९३० ची मॉडेल ए कूपे घेतली, इंजिन नव्हतं, पण फ्रेम ओरिजनल आहे आणि दोन्ही रेल सरळ आहेत, कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी धरून तीनतीनदा मोजलंय. इंजिन १९५१ चं फ्लॅटहेड व्ही-८, २३९ क्यूबिक इंच, ते रिबिल्ड होऊन स्टँडवर तयार आहे, मागे टी-फाइव्ह गिअरबॉक्स लावणार. पुढचे फेंडर लावणार नाही, म्हणजे पुढचा अख्खा अ‍ॅक्सल, स्प्रिंग, ब्रेक सगळं उघडं दिसणार. लूक मला १९४० च्या दशकातल्या ड्राय लेकवाल्या गाड्यांसारखा पाहिजे, कॅलिफोर्नियात एल मिराजच्या कोरड्या तलावावर पळायच्या तशा, पुढून खाली वाकलेली आणि मागे मोठे टायर.

आता अडलंय ते पुढची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलवर. गेल्या शनिवारी एका स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, एकाकडे ४ इंच ड्रॉपचा, म्हणजे गाडी तेवढी खाली बसवणारा, क्रोम केलेला पोकळ नळीचा ट्यूब अ‍ॅक्सल आणि त्याच्याबरोबर हेअरपिनची (अ‍ॅक्सलला मागे फ्रेमशी धरणाऱ्या दांड्यांची) जोडी असा सेट बघितला, भाव खरंच चांगला सांगतोय आणि म्हणतोय की सरळ बोल्ट मारायचे की झालं. दिसायला इतका सुंदर आहे की रात्री झोपताना पण तोच डोळ्यासमोर येतोय. पण दुसरीकडे सगळे जुने फोटो बघतो त्यात इंग्रजी आय सारख्या छेदाचा आय-बीमच दिसतो. त्यात आमच्याकडचे रस्ते म्हणजे हिवाळ्यात बर्फाने उकलतात आणि मार्चमध्ये खड्डेच खड्डे. गाडी ट्रेलरवर ठेवायची नाहीये, ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटकडच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, स्वतः चालवत न्यायचीय, बायको शेजारी बसणार आहे. विक्रेता रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय. घेऊ का?

टेक्सास_तात्या

बायको शेजारी बसणार असेल तर दोन्ही सोड आणि मस्टँग टू चं इंडिपेंडंट सस्पेन्शन लाव. १९७४ ते ७८ च्या मस्टँग टू वर आधारलेली किट कुठेही मिळतात, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग त्यातच येतं, डिस्क ब्रेक येतात, आणि एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्या चाकाला पत्ता लागत नाही. मी माझ्या १९४० च्या फोर्ड सेडानला सहा वर्षांपूर्वी लावलं, त्याच्यावर ह्यूस्टन ते लुइव्हिल जाऊन आलोय, पाठ अजिबात दुखली नाही. बीम अ‍ॅक्सल म्हणजे बैलगाडीची जुळणी, एका बाजूला गचका बसला की दोन्ही चाकं हलणारच.

वेल्डर_काका

तात्या, तुमच्या ४० च्या सेडानला ते अगदी योग्य आहे, तिथे गोल गुबगुबीत फेंडर आहेत, आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. ह्याची फेंडर नसलेली मॉडेल ए आहे. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंनी कंट्रोल आर्म आणि कॉइल स्प्रिंग बाहेर आल्या की ती गाडी १९४० च्या दशकातली वाटणारच नाही, कितीही पैसे घातले तरी. आणि मॉडेल ए ची फ्रेम पातळ पत्र्याची आहे, मस्टँग टू चा क्रॉसमेंबर बसवायचा तर रेल आतून पत्रा वेल्ड करून बंद, म्हणजे बॉक्स, कराव्या लागतात, सगळं मुळापासून आलं. चिरंजीवांना लूक पाहिजे हे त्यांनी पहिल्याच पॅरात लिहिलंय, त्यामुळे बीमच.

आता मुद्द्यावर येतो, बाळा, नीट वाच. तो सेट घेऊ नकोस. ट्यूब अ‍ॅक्सल वाईट नाही, हेअरपिन पण वाईट नाहीत, पण त्या दोघांची जोडी जमत नाही.

मी ओहायोत चाळीस वर्षं टूल रूममध्ये काढली आणि चार गाड्या स्वतः बांधल्या, त्यातल्या दुसऱ्या गाडीला मी नेमकी हीच जोडी लावली होती. एका दुकानदाराने दिली, मी विश्वास ठेवला. दिसायला दागिना. दुसऱ्या उन्हाळ्यात तेल बदलायला खाली शिरलो तर डाव्या बाजूला अ‍ॅक्सलवर जिथे हेअरपिनचा ब्रॅकेट वेल्ड केलेला असतो तिथे वेल्डच्या काठाला केसासारखी रेघ दिसली. पुसली, परत दिसली. तडा दाखवणारा रंग, डाय, मारून बघितलं तर पाऊण इंच तडा. आदल्याच आठवड्यात मुलीला मागे रंबल सीटवर बसवून सत्तर मैल गेलो होतो. त्या रात्री मी जेवलो नाही.

कारण समजून घे. एक चाक वर चढलं की अ‍ॅक्सल तिरका होतो. हेअरपिन पुढे अ‍ॅक्सलला घट्ट धरलेली आणि मागे फ्रेमला एका बिंदूवर फिरणारी, म्हणजे जे चाक वर जातं त्या बाजूचं अ‍ॅक्सलचं टोक थोडं एका दिशेला कलतं आणि दुसऱ्या बाजूचं कलत नाही किंवा उलट कलतं. म्हणजे मधल्या अ‍ॅक्सलला पीळ बसायलाच पाहिजे. आय-बीम तो पीळ घेतो, सहज घेतो. ट्यूब घेत नाही. मग तो ताण जाणार कुठे, तर सगळ्यात कच्च्या जागी, ब्रॅकेटच्या वेल्डला नाहीतर हेअरपिनच्या टोकाच्या आट्यांना.

पुणे_फोर्जिंग

काकांशी शंभर टक्के सहमत. मी पुण्यात ट्रकच्या फ्रंट अ‍ॅक्सल बीमच्या फोर्जिंगवर अकरा वर्षं काम केलंय, हॉट रॉड प्रत्यक्ष एकही बघितलेली नाही पण धागा वाचून राहवलं नाही कारण बीम तोच आहे, फक्त आमचा चारपट जाड.

घरी करून बघण्यासारखं सांगतो. कॅलेंडर येतं ती पुठ्ठ्याची नळी घ्या, दोन्ही हातांनी पिळायचा प्रयत्न करा, पिळली जाणार नाही. आता तीच नळी ब्लेडने एका बाजूने उभी चिरा आणि पुन्हा पिळा, गर्रकन फिरेल. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढंच. बंद सेक्शन आणि उघड्या सेक्शनमध्ये पीळ सहन करायचा फरक असा असतो. ट्यूब म्हणजे बंद सेक्शन, आय म्हणजे उघडा. पण उभ्या वजनाला, म्हणजे गाडीचं ओझं आणि खड्ड्याचा दणका, आय-सेक्शन उत्तम कारण माल वरच्या आणि खालच्या पट्टीत आहे जिथे त्याची खरी गरज आहे. म्हणून वाकायला ताठ आणि पिळायला मऊ असा तो एकाच वेळी असतो. काकांनी सांगितलेल्या जुळणीला नेमकं तेच पाहिजे.

अजून दोन गोष्टी. एक, आय-बीम घेताना तो फोर्ज केलेला आहे की कास्ट केलेला ते विचारा. फोर्जिंगमध्ये धातूचे तंतू बीमच्या आकाराबरोबर वळतात, तुटायच्या आधी तो वाकतो आणि वाकलेला डोळ्याला दिसतो. दुसरं, काही फोटोंत बीमच्या मधल्या पातळ भागात ओळीने गोल भोकं पाडलेली दिसतात, दिसायला छान आहे, आणि तो मधला पट्टा वाकण्याच्या ताणात फारसं काम करत नाही हेही खरं, पण ब्रेक मारल्यावर बीमला पीळ बसतो तेव्हा भोकाच्या कडा महागात पडतात. पाडायचीच असतील तर स्प्रिंगच्या पर्चजवळ (स्प्रिंग जिथे बीमला जोडते तिथे) आणि टोकाला बीम जिथे वर वळतो त्या भागात अजिबात नको, आणि प्रत्येक भोकाची कड घासून गोल करा. मी तरी पाडणार नाही. आणि कोणी म्हणालं की जुना अ‍ॅक्सल गॅसवर तापवून आपण घरीच खाली खेचू, तर नमस्कार करून निघा. जुन्या लोकांनी ते केलं पण त्यांच्याकडे जिग होते, हात बसलेले होते, आणि खेचल्यावर माल जिथे पातळ व्हायचा तिथे काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

नोव्हाय_गॅरेज

बापरे काका. विक्रेत्याला आत्ताच नाही म्हणून मेसेज टाकला. पुणेकर, नळी चिरून बघितली, आठ वर्षांच्या मुलाला पण दाखवली, तो आता घरातल्या सगळ्या नळ्या चिरतोय.

मग दोन पर्याय उरतात असं समजतोय. ट्यूबच हवा असेल तर फोर-बार, नाहीतर आय-बीम आणि त्याच्यावर हेअरपिन किंवा स्प्लिट विशबोन. माझ्याकडे गाडीचं ओरिजनल विशबोन, म्हणजे अ‍ॅक्सलला मागून धरणारी जोडदांडी, आहे, ते मधून कापून दोन्ही टोकं फ्रेमच्या रेलला आणायची असं सगळीकडे दिसतं. तसंच करू का?

वेल्डर_काका

हो, बरोबर समजलास. फोर-बारमध्ये प्रत्येक बाजूला दोन समांतर दांड्या असतात त्यामुळे चाक वर गेलं तरी अ‍ॅक्सल कलत नाही, उभ्याउभ्या वर जातो, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या पिनवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन, तेवढाच राहतो आणि पिळायचा प्रश्नच येत नाही, म्हणून ट्यूबला तेच पाहिजे. चालायला अतिशय गोड. पण त्या चार दांड्या सत्तरीच्या दशकानंतरच्या स्ट्रीट रॉडची ओळख आहेत, तुझ्या लूकमध्ये त्या खटकतील.

विशबोन कापण्याबद्दल मात्र थांब. लोकांनी ते का कापलं? मोठं इंजिन टाकलं, ऑइल पॅन आणि गिअरबॉक्स मधे आला, मधला गोळा बसवायला जागा राहिली नाही म्हणून. हेन्री फोर्डने दिलेलं विशबोन हे इंग्रजी व्ही सारखं, मागे एकाच गोळ्यावर टेकणारं. एकच बिंदू असल्यामुळे अ‍ॅक्सल कितीही तिरका झाला तरी विशबोन त्याच्याबरोबर गोळ्यावर फिरतं, पीळ शून्य. म्हणून तर १९३७ ते ४० च्या ६० हॉर्सपॉवरवाल्या छोट्या व्ही-८ गाड्यांना खुद्द फोर्डने ट्यूब अ‍ॅक्सल दिला आणि तो चालला, कारण मागे न कापलेलं विशबोन होतं. तो अ‍ॅक्सल पुढे मिजेट, म्हणजे छोट्या गाड्यांच्या, रेसवाल्यांनी उचलला.

तुझ्याकडे फ्लॅटहेडच आहे. पॅनखालून विशबोन जातं. गोळा आधी जिथे बसायचा ती जागा टी-फाइव्ह मुळे गेली, तर गिअरबॉक्सखाली एक काढता येणारा क्रॉसमेंबर बनव आणि त्याच्यावर गोळ्याची वाटी बसव. पण क्रॉसमेंबर भक्कम पाहिजे, ब्रेक मारलास की पुढच्या चाकांचा सगळा जोर त्या एका वाटीवर येतो, नुसती पट्टी वाकवून लावू नकोस. मिशिगनच्या खड्ड्यांत हे सगळ्यात शांत चालेल. मी चौथ्या गाडीला हेच केलं आणि पहिल्या तिन्हींना का नाही केलं असं वाटत राहतं.

फक्त अ‍ॅक्सल आणि विशबोन एकमेकांचे असू देत. पर्च बोल्ट जिथून जातो तिथली अ‍ॅक्सलची जाडी फोर्डने वर्षागणिक बदललीय, आणि विशबोनच्या तोंडाचं माप त्याप्रमाणे. ऑर्डर द्यायच्या आधी कॅलिपरने विशबोनचं तोंड मोज आणि तेच माप दुकानाला सांग. ४ इंच ड्रॉप म्हणतात तेव्हा तो कशापासून मोजला तेही विचार, कोणी सरळ अ‍ॅक्सल धरून मोजतो, कोणी फोर्डचा मूळ अ‍ॅक्सल धरून, आणि मुळात फोर्डचा अ‍ॅक्सल पण थोडा वाकलेला असतोच, त्यामुळे गाडी प्रत्यक्षात किती खाली बसेल त्यात फरक पडतो.

बेएरिया_रोडस्टर

काकांचं सगळं मान्य, मी स्टिअरिंगवर लिहितो कारण अ‍ॅक्सल चांगला आणि स्टिअरिंग चुकीचं ह्याचा अनुभव मी फ्रीवेवर घेतलाय. माझ्या १९२९ च्या रोडस्टरला ४५ मैलांच्या वेगात रस्त्याच्या एका सांध्यावरून गेल्यावर पुढची चाकं अशी थरथरायला लागली की स्टिअरिंग हातात राहीना, बोटं सोलली, गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबलं नाही. ह्याला इथे डेथ वॉबल म्हणतात आणि नाव बरोबर आहे. लोक लगेच स्टिअरिंग डॅम्पर लावायला सांगतात, मी पण लावला, आजार तसाच राहिला. शेवटी सापडलं ते असं की किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या पिनच्या, बुशला प्ले होता, टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) जवळजवळ शून्य होता आणि कॅस्टर जेमतेम ३ डिग्री. बुश नवे टाकले आणि दोन्ही एका रेषेत रीमर मारून घेतले, वरचा वेगळा आणि खालचा वेगळा मारला तर पिन अडकते किंवा सैल राहते. टो-इन १/८ इंच केला, कॅस्टर ७ डिग्री. त्यानंतर चार वर्षं एकदाही नाही.

आता तुझ्यासाठी महत्त्वाचं. कॅस्टर गॅरेजमध्ये फ्रेम सपाट ठेवून सेट करू नकोस. मॉडेल ए चा व्हीलबेस १०३.५ इंच, तू पुढून समजा ४ इंच खाली घेतलीस तर गाडी साधारण सव्वादोन डिग्री पुढे झुकली, म्हणजे कॅस्टरमधून तेवढे गेले. सपाट फ्रेमवर ६ लावलेस तर रस्त्यावर पावणेचारच राहतात. मागचे टायर उंच घातलेस तर अजून कमी. त्यामुळे जे टायर शेवटी राहणार तेच घालून, इंजिन बॉडी सगळं वजन टाकून मगच मोज.

स्टिअरिंग बॉक्स कोणता लावणार? १९४८ ते ५२ च्या फोर्ड एफ-१ ट्रकचा बॉक्स लावलास तर ड्रॅगलिंक, म्हणजे बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी, डाव्या बाजूने लांबीत पुढे जाते, जुना लूक, बाहेरून दिसते. त्यात ड्रॅगलिंकचं मागचं टोक आणि विशबोनचं मागचं टोक बाजूने बघताना जितकं एका जागी येईल तितकं बरं, नाहीतर खड्ड्यात अ‍ॅक्सल एका वर्तुळात फिरतो, ड्रॅगलिंक दुसऱ्यात, आणि गाडी आपोआप वळते. दुसरा रस्ता म्हणजे शेव्हर्ले व्हेगाचा बॉक्स, त्यात ड्रॅगलिंक आडवी जाते उजव्या चाकाकडे. पण आडव्या स्प्रिंगवर फ्रेम शॅकलमुळे (स्प्रिंगचं टोक पर्चला जोडणारी हलती कडी) डावी-उजवी सरकत असते, आणि आडवी ड्रॅगलिंक ते सरकणं सरळ चाकांना सांगते. तिथे पॅनहार्ड रॉड, म्हणजे फ्रेमचं बाजूला सरकणं रोखणारी आडवी दांडी, पाहिजेच, आणि तो ड्रॅगलिंकला समांतर आणि शक्य तितका तेवढ्याच लांबीचा.

अजून एक, ड्रॉप अ‍ॅक्सल बसवल्यावर टायरॉड, म्हणजे दोन्ही चाकांचे स्टिअरिंग आर्म जोडणारी दांडी, वर येतो आणि बऱ्याचदा विशबोनला घासतो. स्टिअरिंग आर्म खाली वाकवलेले घ्यावे लागतील. आर्मची दिशा मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याकडे जाते का ते वरून दोरी लावून बघ, उलटे लावलेले पण मी बघितलेत.

टेक्सास_तात्या

माझं मत मी मागे घेतो, फेंडर नाहीत हे मी नीट वाचलं नव्हतं. ब्रेकचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मॉडेल ए चे ब्रेक दांड्यांचे, मेकॅनिकल आहेत, ४० हॉर्सपॉवरच्या गाडीला ते ठीक होते. फोर्डने हायड्रॉलिक दिले ते १९३९ पासून. तू १९३७ ते ४८ च्या गोल बुडाच्या स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या, घे, नवीन बनवलेल्याही मिळतात, म्हणजे ३९ ते ४८ चे हायड्रॉलिक ड्रम ब्रेक सरळ बसतील आणि लूकही जुना राहील. आधीच्या वर्षांच्या स्पिंडलचं बूड चौकोनी असतं, त्यावर खटपट करावी लागते. डिस्क लावायचे असतील तरी ह्याच स्पिंडलवर किट येतात, फक्त चाक दोन्हीकडे थोडं बाहेर सरकतं. बायकोला घेऊन जाणार आहेस, मास्टर सिलिंडर दोन खणांचा घे, एवढं ऐक.

नोव्हाय_गॅरेज

उशिरा लिहितोय, पूर्ण वीकेंड गॅरेजमध्ये होतो. ठरलं असं: फोर्ज केलेला आय-बीम, ४ इंच ड्रॉप, भोकं नाहीत. विशबोन न कापता, टी-फाइव्ह खाली क्रॉसमेंबर. गोल बुडाच्या स्पिंडल, ड्रम ब्रेक. स्टिअरिंगला एफ-१ चा बॉक्स, ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियात हर्शीच्या स्वॅप मीटला जाणारच आहे, तिथे हात लावून, फिरवून बघून घेईन.

काल इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी फ्रेमवर ठेवून खाली लाकडी ठोकळे लावून गाडी जशी रस्त्यावर बसेल तशी बसवली. बायकोने टेप धरला. झुकाव २.५ डिग्री येतोय, म्हणजे सपाटवर ९ च्या आसपास धरला तर रस्त्यावर साडेसहा मिळेल. विशबोनचं तोंड मोजलं, दुकानाला फोटो आणि माप पाठवलं. एकच शंका राहिली, स्प्रिंग पूर्ण वजनावर असताना शॅकल किती तिरके पाहिजेत? माझे आत्ता जवळजवळ उभे लोंबतायत.

वेल्डर_काका

४५ डिग्री. उभे लोंबतायत म्हणजे स्प्रिंग त्या पर्चच्या अंतराला लांब आहे, तशी चालवलीस तर गाडी शॅकलवर डावी-उजवी झुलेल. उलट फार आडवे झाले तर स्प्रिंग आखडते आणि दणके सरळ फ्रेमला लागतात. पाटे काढून हे सुटणार नाही, मुख्य पाट्याचीच लांबी बदलायला हवी. पर्चच्या भोकापासून भोकापर्यंतचं माप काढ आणि इथे टाक, आत्ता टाकलंस तरी चालेल, मी जागा आहे.